परत फिरण्याचे धैर्य

(पर्वतीय प्रदेशातील छोट्या विमानांचे व हेलिकॉप्टरांचे उड्डाण आणि त्यातील धोके या विषयावर एका वसंत व्याख्यानमालेत एका निवृत्त वैमानिकाने दिलेल्या व्याख्यानाचे हे संपादित शब्दांकन. चारधाम आणि मुक्तिनाथ यात्रेची तयारी घरोघरी सुरू असताना ते वाचकांना उपयुक्त ठरेल, या हेतूने येथे देत आहोत.)



गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीतील एक तरुण गृहस्थ सकाळीच माझ्याकडे आले. त्यांच्या आईवडिलांच्या विवाहाला यंदा पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. दोघांची केदारनाथाचे दर्शन घेण्याची फार जुनी इच्छा आहे. परंतु वडिलांचे गुडघे साथ देत नाहीत. तेव्हा हेलिकॉप्टरने न्यावे असा मुलाचा विचार होता. त्यांनी मला विचारले, ‘‘काका, तुम्ही जन्मभर विमाने चालवलीत. तुम्हीच सांगा, सुरक्षित असते ना?’’

मला ‘हो’ म्हणता आले नाही आणि ‘नाही’ही म्हणता आले नाही. मी त्यांना चहा दिला आणि ‘सावकाश बोलू’ असे म्हणून वेळ मारून नेली. आजचे व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाला मी देत असलेले उत्तर आहे. ते तरुण गृहस्थ आज श्रोत्यांमध्ये आहेत, हे मला येथून दिसते आहे.

आरंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. आपण मुंबईहून दिल्लीला ज्या मोठ्या जेट विमानाने जातो, ते तीस-पस्तीस हजार फुटांवरून उडते. एव्हरेस्टची उंची २९ हजार फुटांहून थोडी अधिक. अशा विमानाला प्रवासाच्या मधल्या टप्प्यात पर्वताची बाधा सहसा नसते. ट्विन ऑटर किंवा डॉर्नियर २२८ यांसारखी एकोणीस आसनांची विमाने, अथवा पाच-सहा प्रवाशांचे हेलिकॉप्टर, यांची गोष्ट निराळी. त्यांना पर्वत ओलांडून जाण्याइतकी उंची नेहमीच गाठता येत नाही. ती दऱ्यांतून वाट काढत जातात. डावीकडे कडा, उजवीकडे कडा, खाली नदी आणि वर ढग, अशा बोगद्यातून त्यांचा मार्ग जातो. मोठ्या विमानाच्या वैमानिकाला जे प्रश्न उड्डाणाच्या व उतरण्याच्या वेळी काही मिनिटे पडतात, ते या वैमानिकाच्या उशाशी सतत बसलेले असतात.

विरळ हवेचे गणित

विमान हवेवर तरते, इंजिन हवा घेऊन इंधन जाळते आणि पंखा हवेलाच मागे लोटून विमान पुढे नेतो. म्हणजे विमानाचे सारे चलनवलन हवेच्या भांडवलावर चालते. दहा हजार फुटांवर हे भांडवल समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे एकचतुर्थांशाने घटलेले असते. साध्या पिस्टन इंजिनाची शक्ती दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्क्यांनी कमी होत जाते.

यात उष्णतेची भर पडली की हिशेब अधिक बिघडतो, कारण हवा तापली की आणखी विरळ होते. लेहचे उदाहरण घ्या. तेथील विमानतळ सुमारे १० हजार ७०० फुटांवर आहे. प्रमाण मानलेल्या वातावरणात त्या उंचीवर तापमान उणे सहा अंश असावयास हवे. उन्हाळ्यातील एखाद्या दुपारी तेथे पंचवीस अंश तापमान असेल, तर विमानाच्या दृष्टीने ती धावपट्टी जणू साडेचौदा हजार फुटांवर जाऊन बसते. जमीन हलत नाही, उंचीमापकाचा काटाही हलत नाही. विमान मात्र जड होते, धावपट्टी अपुरी पडते आणि चढण्याचा वेग मंदावतो. हिला वैमानिक ‘घनता-उंची’ म्हणतात. पर्वतातील विमाने सकाळी लवकर का निघतात, सामानाचे वजन इतके काटेकोर का मोजतात आणि कधी कधी दोन प्रवाशांना खाली का उतरवतात, याचे उत्तर या एका शब्दात आहे. काउंटरवरील मुलीशी वजनावरून हुज्जत घालणाऱ्या प्रवाशाने हे लक्षात घ्यावे की, ती हुज्जत त्या मुलीशी नसून निसर्गनियमाशी असते.

वाऱ्याचे अदृश्य धबधबे

नदीच्या पात्रातील मोठ्या धोंड्यावरून पाणी कसे वाहते, हे आपण पाहिले आहे. धोंड्याच्या अलीकडे पाणी वर चढते, माथ्यावर वेग घेते आणि पलीकडे कोसळून भोवरे करते. पर्वतावरून वाहणारा वारा नेमके हेच करतो. फक्त तो डोळ्यांना दिसत नाही. पर्वताच्या ज्या अंगाला वारा येऊन थडकतो, तेथे विमान आपोआप वर उचलले जाते आणि वैमानिकाला सुखद वाटते. विरुद्ध अंगाला मात्र हवेचा धबधबा कोसळत असतो. त्यात सापडलेले छोटे विमान मिनिटाला हजार-दीड हजार फुटांनी खाली ढकलले जाऊ शकते. त्या उंचीवर त्याची स्वतःची चढण्याची ताकद मिनिटाला पाच-सातशे फूट असेल, तर पुढचे गणित करण्यासाठी वैमानिक असण्याची गरज नाही.

म्हणूनच आम्हाला शिकवले जाते की, डोंगराची धार सरळ समोरून ओलांडू नये. तिला तिरके, साधारण पंचेचाळीस अंशांच्या कोनात भिडावे. हवेने दगा दिलाच, तर अर्ध्या वळणात मागे फिरता यावे. धारेच्या वर किमान हजार-दोन हजार फूट मोकळे ठेवावेत. माथ्यावर वाऱ्याचा वेग पंचवीस नॉट्सच्या, म्हणजे ताशी सुमारे पंचेचाळीस किलोमीटरच्या वर असेल, तर छोट्या विमानाने त्या दिवशी जाऊच नये.

दऱ्यांचे वारेही घड्याळ पाळतात. ऊन तापू लागले की, उतारावरची हवा गरम होऊन वर सरकते आणि दरीतून वरच्या दिशेने वारा सुटतो. सायंकाळनंतर थंड, जड हवा पुन्हा खाली घरंगळते. पहाडातील जुन्या माणसांना हे कोणत्याही वेधशाळेशिवाय ठाऊक असते.

दरी नावाचा सापळा

आता मला जो धोका सर्वांत भयंकर वाटतो, त्याकडे वळतो. दरीत शिरणे सोपे असते. दरीत वळणे सोपे नसते. ताशी २८० किलोमीटर वेगाने जाणारे विमान तीस अंश कलून वळू लागले, तर पूर्ण मागे फिरण्यास त्याला दोन किलोमीटरहून अधिक रुंदी लागते. वेग ताशी १६० वर आणला, तर तेच वळण सुमारे सातशे मीटरमध्ये बसते. वेग अर्ध्यावर आला की, जागा चतुर्थांश पुरते. हे गणित वैमानिकाला तोंडपाठ असावे लागते, कारण दरी आपली रुंदी सांगत नाही. त्यातच बारा हजार फुटांवर, वेगदर्शक तोच आकडा दाखवत असताना, विरळ हवेमुळे विमान प्रत्यक्षात वीस टक्के अधिक वेगाने जात असते आणि वळणाला जागा चव्वेचाळीस टक्के अधिक लागते.

समजा, जागा कमी पडते आहे हे वैमानिकाला उशिरा उमगले. मग तो विमान अधिक कलवतो. साठ अंश कलवून उंची राखायची, तर पंखांवरचा भार दुप्पट होतो आणि विमान तरंगत राहण्यासाठी लागणारा किमान वेग चाळीस टक्क्यांनी वाढतो. तेवढा वेग नसेल, तर पंखांचा हवेवरील आधार सुटतो. याला आम्ही ‘स्टॉल’ म्हणतो. सपाट मैदानावर, पुरेशा उंचीवर, स्टॉलमधून बाहेर येता येते. दरीत खाली तेवढी उंचीच शिल्लक नसते.

येथे मी माझाच एक अनुभव सांगतो. चाळीस वर्षांपूर्वी मी ईशान्येकडील एका डोंगराळ भागात सहवैमानिक म्हणून उडत होतो. नदीच्या मार्गाने जायचे, एका संगमापाशी डावीकडची दरी धरायची, असा आमचा नेहमीचा रस्ता. त्या दिवशी ढग खाली होते. विमान माझ्या हाती होते आणि मी संगमापाशी वळलो. दरी ओळखीची वाटली. चार-पाच मिनिटांनी शेजारी बसलेले माझे ज्येष्ठ कॅप्टन शांतपणे म्हणाले, ‘‘सोड.’’ त्यांनी विमान आपल्या हाती घेतले, दरीच्या उजव्या कड्याला चिकटवले, वेग कमी केला आणि डावीकडे पूर्ण वळवून मागे आणले. वळताना पंखाच्या टोकाकडून मला देवदारांची एकेक फांदी दिसली. आम्ही एक संगम आधीच वळलो होतो. ती दरी पुढे भिंतीसारख्या कड्यापाशी संपत होती.

जमिनीवर उतरल्यावर ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, ‘‘तू समोर पाहत होतास. खाली पाहिले असतेस, तर नदी बारीक होत चाललेली दिसली असती. नदी बारीक होऊ लागली की समजावे, डोंगर जवळ आला.’’ पुढे मी अनेक नवोदितांना शिकवले, तेव्हा पहिला धडा हाच दिला. दरीच्या मधोमध उडू नये, एका कडेला राहावे, म्हणजे वळायला सारी रुंदी हाताशी राहते, हा नियम पुस्तकात असतो. नदीकडे पाहावे, हे मात्र गुरूकडूनच मिळते.

ढगाच्या पोटातील खडक

मैदानावरील ढग मऊ असतो. डोंगरातील ढगाच्या पोटात खडक असू शकतो, असे आमच्या व्यवसायात म्हटले जाते. सुस्थितीतील विमान, शुद्धीवर असलेला अनुभवी वैमानिक, बिघाड कोठेही नाही आणि तरीही विमान सरळ डोंगरावर जाऊन आदळते, असे अपघात पर्वतीय प्रदेशात पुनःपुन्हा झाले आहेत. मोठी विमानेही त्यातून सुटलेली नाहीत. ७ जुलै १९६२ रोजी आपल्या जुन्नरजवळच्या डोंगरावर एक इटालियन प्रवासी जेट आदळले आणि ९४ जण मृत्युमुखी पडले. २४ जानेवारी १९६६ रोजी आल्प्समधील माँ ब्लाँ पर्वतावर एअर इंडियाचे ‘कांचनगंगा’ विमान आदळले. त्यात डॉ. होमी भाभा यांच्यासह ११७ जणांचा अंत झाला. दोन्ही प्रसंगी आपण पर्वताच्या नेमके कोणत्या बाजूला आहोत, याविषयीचा वैमानिकांचा समज चुकला होता.

छोट्या विमानाच्या वैमानिकाला ही चूक होण्यास एक छोटासा ढगही पुरतो. अनेक पर्वतीय मार्गांवर उड्डाण डोळ्यांनी पाहून करायचे असते. जमीन दिसली पाहिजे, हा त्याचा पाया. ढगात शिरल्यावर कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा माणसाला फसवते. विमान वळत असूनही ते सरळ जात आहे, असे शरीर शपथेवर सांगते. शिवाय दहा हजार फुटांच्या वर प्राणवायू कमी पडू लागला की, सर्वप्रथम जातो तो विवेक, आणि तो गेल्याचे ज्याचे त्याला कळत नाही.

मुक्तिनाथची वाट

आपल्याकडील अनेक कुटुंबे मुक्तिनाथाच्या दर्शनाला जातात. पोखऱ्याहून जोमसोमला जाणारे विमान अवघ्या वीस मिनिटांत पोहोचते. पोखरा पावणेतीन हजार फुटांवर, तर जोमसोम नऊ हजार फुटांवर. मधली वाट काली गंडकीच्या खोऱ्यातून जाते, आपण देवघरात पूजतो ते शाळिग्राम जिच्या पात्रात सापडतात ती नदी. एका हाताला ८,१६७ मीटरचा धवलगिरी, दुसऱ्या हाताला ८,०९१ मीटरची अन्नपूर्णा. जगातील अत्यंत खोल दऱ्यांमध्ये हिची गणना होते. दिवस वर आला की उत्तरेकडचे उंच पठार तापते आणि दक्षिणेकडची हवा या एकाच फटीतून वर खेचली जाते. दुपारी जोमसोमच्या रस्त्यावर माणसाला वाऱ्याविरुद्ध चालणे कठीण जाते. त्यामुळे विमाने सकाळीच येऊन जातात. सकाळी ढग असले, तर ते विरण्याची वाट पाहावी लागते. वाट पाहत राहावे, तर वारा सुटतो. त्या दोहोंमधील जी चिंचोळी वेळ उरते, तीत वैमानिकाला निर्णय घ्यावा लागतो.

या वाटेने किती बळी घेतले, ते पाहा. १४ मे २०१२ रोजी एक डॉर्नियर जोमसोमला उतरण्याचा प्रयत्न सोडून वळत असताना डोंगराला धडकले. २१ जणांपैकी १५ गेले आणि त्यांतील बहुतेक भारतीय यात्रेकरू होते. २४ फेब्रुवारी २०१६ रोजी याच मार्गावर एक नवे कोरे ट्विन ऑटर ढगात शिरून कड्यावर आदळले. २३ जण गेले. २९ मे २०२२ रोजी आणखी एक ट्विन ऑटर याच वाटेवर नाहीसे झाले आणि त्याचे अवशेष दुसऱ्या दिवशी सुमारे साडेचौदा हजार फुटांवर सापडले. २२ प्रवासी व कर्मचाऱ्यांत आपल्या महाराष्ट्रातील एका कुटुंबाचे चार जण होते. डोळ्यांनी पाहून करावयाच्या उड्डाणात विमान ढगात शिरले आणि वैमानिकांचे मार्गावरील लक्ष सुटले, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. तीन विमाने, तीन निरनिराळे वैमानिक, परंतु दरी एकच.

लुक्लाचे नाव आपण एव्हरेस्टच्या संदर्भात ऐकले असेल. तेथील धावपट्टी अवघी ५२७ मीटर लांब आहे आणि तिला सुमारे बारा टक्के चढ आहे. एका टोकाला दरी, दुसऱ्या टोकाला डोंगराची भिंत. उतरताना चढाच्या दिशेने यायचे आणि उड्डाण उताराच्या दिशेने करायचे. एकदा शेवटच्या टप्प्यात आलात की, पुन्हा वर उचलून दुसरा प्रयत्न करण्याची सोय नाही. ८ ऑक्टोबर २००८ रोजी येथे अचानक धुके आले आणि उतरणारे विमान धावपट्टीच्या अलीकडेच आदळले. १८ प्रवासी व कर्मचारी गेले; वैमानिक तेवढा वाचला.

केदारखंडातील आकाश

आता आपल्या देशाकडे येऊ. अरुणाचल प्रदेशचे मुख्यमंत्री दोरजी खांडू यांचे हेलिकॉप्टर ३० एप्रिल २०११ रोजी तवांगहून इटानगरला निघाले. अवशेष सापडण्यास चार दिवस लागले. ३ जून २०१९ रोजी जोरहाटहून मेचुकाला निघालेले वायुसेनेचे एएन-३२ विमान १३ जणांसह नाहीसे झाले. आठव्या दिवशी लिपो गावाच्या उत्तरेस डोंगरउतारावर ते दिसले. शोध घेणाऱ्यांनाही तेथे पोहोचणे दुष्कर होते.

केदारनाथ सुमारे पावणेबारा हजार फुटांवर आहे. हेलिकॉप्टरला तेथे उतरण्यासाठी, म्हणजे पुढील गती जवळजवळ शून्यावर आणून हवेत तोलून राहण्यासाठी, सर्वाधिक शक्ती लागते. आणि विरळ हवेत ती शक्तीच कमी असते. दरी अरुंद, ढग काही मिनिटांत खालून वर चढून येणारा, आणि हंगामात एकामागून एक फेऱ्या. महाप्रलयानंतरच्या बचावकार्यात २५ जून २०१३ रोजी वायुसेनेचे हेलिकॉप्टर गौरीकुंडाजवळ कोसळून २० जवानांनी प्राण दिले. १८ ऑक्टोबर २०२२ रोजी गरुडचट्टीजवळ सहा यात्रेकरू व वैमानिक असे सात जण गेले. २०२५ च्या मे महिन्यात गंगोत्रीच्या वाटेवर सहा जण आणि १५ जूनला पहाटे गौरीकुंडाजवळ सात जण गेले. त्या सात जणांत आपल्या विदर्भातील एक लहानगी होती. दर्शन घेऊन ते परतत होते.

ही नावनिशी मी भय दाखवण्यासाठी वाचून दाखवलेली नाही. बहुसंख्य उड्डाणे सुखरूप पार पडतात, हेही तितकेच सत्य आहे. मला लक्ष वेधायचे आहे ते एका समान धाग्याकडे. यांतील बऱ्याच प्रसंगी कोठेतरी एक क्षण असा होता की, जेव्हा मागे फिरता आले असते.

यंत्रे आणि त्यांच्या मर्यादा

आपल्यापैकी कोणी विचारील, आजच्या काळात उपग्रहाद्वारे स्थान कळते, समोर डोंगर आला की सूचना देणारे यंत्र असते, मग असे का व्हावे? प्रश्न योग्य आहे. हे यंत्र पुढील भूभागाचा नकाशा पाहून ‘वर उचला’ असे ओरडून सांगते. सपाट प्रदेशात ते कधीतरीच ओरडते, म्हणून त्याचे ऐकले जाते. दरीत मात्र दोन्ही बाजूंना डोंगरच असतो. यंत्र सारखे ओरडत राहते आणि त्या गोंगाटाला कंटाळून वैमानिक ते गप्प करतो. २०२२ च्या त्या विमानातही हे यंत्र गप्प केलेले होते, असे चौकशीत आढळले. राखणदार सतत भुंकू लागला की घरधनी उठत नाही, आणि चोर नेमका त्याच रात्री येतो.

उपाय नाहीत असे नाही. अमेरिकेच्या अलास्का प्रांतात रस्त्यांअभावी लहान विमानेच गावोगावची एस.टी. आहेत. तेथे खिंडीखिंडींत कॅमेरे बसवले गेले. वैमानिक निघण्यापूर्वी खिंडीचे ताजे चित्र पाहतो आणि मगच ठरवतो. आपल्या पर्वतांतील प्रत्येक खिंडीत अशी सोय झाली पाहिजे, हवामानाचे निरीक्षण दाट झाले पाहिजे, आणि फेऱ्यांची संख्या व वेळा यांवर कठोर नियंत्रण असले पाहिजे. नागरिकांनी याचा आग्रह धरला पाहिजे. परंतु कॅमेरा ढग दाखवतो, निर्णय घेत नाही.

शूरांचा वारसा

‘मग आपल्या वायुवीरांनी काय घाबरून घरी बसायचे होते का?’ असा प्रश्न एका सभेत मला विचारण्यात आला होता. २४ मे १९४८ चा दिवस आठवावा. लेह पडण्याच्या बेतात होते. एअर कमोडोर मेहेरसिंग यांनी जनरल थिमय्या यांना सोबत घेऊन, त्या वाटेने यापूर्वी कोणीही नेले नव्हते असे डाकोटा विमान सिंधुकाठच्या वाळूवर तयार केलेल्या पट्टीवर उतरवले. सोनम नोर्बू या लडाखी अभियंत्याने स्थानिकांच्या मदतीने ती पट्टी तयार केली होती. लडाख आज भारतात आहे, त्यात या उड्डाणाचा वाटा मोठा आहे. १९६२ मध्ये स्क्वॉड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी दौलत बेग ओल्डी येथे, १६ हजार फुटांहून अधिक उंचीवर, पॅकेट विमान उतरवले. त्याही पूर्वी दुसऱ्या महायुद्धात आसामातून चीनकडे रसद नेणाऱ्या दोस्तराष्ट्रांच्या वैमानिकांनी पूर्व हिमालयाच्या वाटेवर सुमारे सहाशे विमाने गमावली.

या सर्वांपुढे माझे मस्तक नम्र आहे. परंतु त्यांच्या धाडसामागे निकड होती. तराजूच्या दुसऱ्या पारड्यात राष्ट्राची भूमी होती, अन्नावाचून अडकलेले सैनिक होते. आपल्या यात्रेच्या पारड्यात काय असते? परतीच्या रेल्वेचे आरक्षण, संपत आलेली रजा आणि भरलेले पैसे. मेहेरसिंगांचे धाडस रजेच्या अर्जासाठी वापरायचे नसते. निकडीविना पत्करलेला धोका म्हणजे शौर्य नव्हे.

एक न विसरलेला प्रवासी

मागे फिरण्याचा सल्ला देणे सोपे आहे, असे मात्र कोणी समजू नये. नोकरीच्या उत्तरार्धात मी एका पहाडी मार्गावर कॅप्टन होतो. एके दिवशी खिंडीत ढग होता. अर्ध्या वाटेवरून मी विमान परत आणले. प्रवाशांत पस्तिशीतला एक गृहस्थ होता. तो धावपट्टीवर माझ्यासमोर उभा राहिला. त्याची आई शेवटच्या घटका मोजत होती. रस्त्याने दोन दिवस लागणार होते. तो म्हणाला, ‘‘साहेब, ढग हलतो आहे. एकदा पुन्हा पाहा ना.’’ ढग खरोखरच हलत होता. मला तो दिसत होता.

मी नाही म्हणालो. त्याने माझे पाय धरण्यासाठी हात पुढे केले, तेव्हा मी मागे सरकलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आकाश निरभ्र होते. मी त्याला पहिल्या फेरीत नेले. आई रात्रीच गेली होती, हे परतीच्या फेरीत तेथील माणसांकडून कळले.

त्या दिवशी मी गेलो असतो, तर कदाचित काहीही झाले नसते. कदाचित त्याची आणि आईची भेट झाली असती. हा ‘कदाचित’ मी पंचवीस वर्षे सोबत बाळगतो आहे. परत आणलेल्या उड्डाणाचे हेच दुःख असते. चुकलेल्या निर्णयाचा पुरावा डोंगरावर पडून राहतो. बरोबर निर्णयाला पुरावा नसतो. त्या विमानात आणखी सतरा जण होते. त्यांतील कोणालाही आपण वाचलो असे वाटले नाही, आणि तसे वाटण्याचे कारणही नव्हते. आजही तोच ढग, तीच खिंड आणि तोच माणूस समोर आला, तर मी नाहीच म्हणेन. पण माझे मन निर्धास्त राहील, असे मी म्हणणार नाही.

आपण काय करावे?

आता त्या तरुण मित्राला द्यावयाचे उत्तर. आईवडिलांना जरूर न्यावे. मात्र यात्रेच्या वेळापत्रकात दोन दिवस मोकळे ठेवावेत. ते दिवस वाया गेले असे मानू नये, तो देवाच्या दारातील मुक्काम समजावा. सकाळच्या, परंतु पुरेसे उजाडल्यानंतरच्या फेरीने जावे. आपले व सामानाचे वजन खरे सांगावे. आसन रिकामे राहिले म्हणून तेथे कोणी घुसवू नये. उड्डाण रद्द झाले, तर काउंटरवर आरडाओरडा करू नये. ‘दुसऱ्या कंपनीचे तर गेले’ हे वाक्य वैमानिकाच्या कानावर कधीही घालू नये; माझ्या अनुभवात याहून घातक वाक्य मी ऐकलेले नाही. ढगाकडे पाहून वैमानिक डोके हलवतो, तेव्हा त्याच्यावर मालकाचा दबाव असतो, फेऱ्यांच्या हिशेबाचा दबाव असतो. त्यात आपल्या डोळ्यांतील नाराजीची भर घालू नये. आणि पालखीची, घोड्याची, डोलीची वाट अजूनही आहे, हेही विसरू नये. शेकडो वर्षे आपले पूर्वज त्याच वाटेने गेले.

शेवटी एक मागणे मागतो. कधी आपले विमान अर्ध्या वाटेवरून परत आले, तर उतरताना दारापाशी उभ्या असलेल्या वैमानिकाला दोन शब्द सांगा. ‘‘बरे केलेत’’, एवढे पुरे. त्या दिवशी त्याला तेवढे कोणी म्हटले, तर पुढच्या वेळी ढगासमोर त्याचा हात परत वळायला कचरणार नाही, आणि त्या वेळी विमानात कदाचित दुसऱ्या कुणाचे आईवडील असतील.